मुक्काम पोस्ट म्हसवड

माणसाची जन्मपत्रिका ज्योतिष्याकडे असते; गावाची जन्मपत्रिका पोस्टमनकडे. पाकिटावर जो दोन-तीन ओळींचा पत्ता आपण घाईघाईने खरडतो, त्यात त्या गावाचे सगळे ग्रह आपापल्या घरी बसलेले असतात. माझेच पाहा. नोकरीच्या निमित्ताने मी गेली वीस वर्षे परगावी मराठी शिकवतो आहे. पण सरकारी अर्जावर ‘कायमचा पत्ता’ असा रकाना आला की पेन आपोआप लिहू लागते : मुक्काम पोस्ट म्हसवड, तालुका माण, जिल्हा सातारा. हे लिहिताना मला नेहमी थोडे हसू येते, ते त्या ‘कायमचा’ या शब्दाचे. गाव आणि नदी सोडली, तर या पत्त्यात कायमचे असे काहीच नाही. इतर सारे भाडेकरू आहेत. काही शे-दोनशे वर्षे राहिले म्हणून त्यांनी दारावर आपल्या नावाची पाटी लावली आहे, इतकेच.

मराठीच्या प्राध्यापकाला एक खोड असते. जुने भांडे हाती आले की बायका जशा ते उलटे करून बुडावर कोणाचे नाव कोरले आहे ते पाहतात, तसा तो शब्द उलटा करून पाहतो. ‘मुक्काम’ अरबी, ‘तालुका’ अरबी, ‘जिल्हा’ही अरबी, फारसी दरबाराच्या दारातून हे तिघे मराठीत शिरले. ‘पोस्ट’ इंग्रजांच्या गलबतातून उतरले. उरले म्हसवड, माण आणि सातारा; एक गाव, एक नदी आणि एका किल्ल्याच्या पायथ्याचे शहर. सात शब्दांचा पत्ता, त्यात तीन आपले आणि चार पाहुण्यांचे! पाहुणे केव्हाच गेले. त्यांची भांडी मात्र आपल्या घरात राहिली आहेत, आणि ती आपलीच आहेत असे समजून आपण त्यांत स्वयंपाक करतो आहोत.

ज्यांनी आमचा भाग पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. सह्याद्रीवर पाऊस आपली झोळी रिकामी करतो, आणि महादेवाच्या डोंगररांगेपलीकडे आमच्याकडे येईतो त्याच्यापाशी नुसता वारा उरतो. त्या वाऱ्यात वसलेला प्रदेश म्हणजे माणदेश. कुळकजाईच्या बाजूला सीतामाईच्या डोंगरात माणगंगा उगम पावते. दहिवडी, म्हसवड करीत आटपाडी, सांगोला, मंगळवेढा यांच्या शिवारांतून जाते आणि भीमेला मिळते. नदी म्हणायची ती रीत म्हणून. वर्षातले पुष्कळ महिने तिच्यात वाळूच वाहते. अशा मुलखात माणसाने एके जागी बसून खावे अशी सोय निसर्गाने केलेली नाही. धनगर मेंढरे घेऊन हिंडतो, खिलार बैलाला गिऱ्हाईक शोधत शेतकरी जत्रा गाठतो, घोंगडीवाला पाठीवर घोंगड्या टाकून घाटाखाली उतरतो. तेव्हा आमच्या पत्त्यातला पहिला शब्द ‘मुक्काम’ आहे, हे मला फार योग्य वाटते. आमच्याकडे राहणारा आणि राज्य करणारा, दोघेही मुक्कामालाच आलेले.

राज्य करणाऱ्यांपैकी एकाचा मुक्काम तर नदीनेच लक्षात ठेवण्यासारखा केला. सन १७०० मध्ये औरंगजेबाची छावणी माणच्या काठी, आज सांगोला तालुक्यात असलेल्या खवासपूरला पडली होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रात्री वरच्या डोंगरात पाऊस कोसळला आणि कोरड्या पात्रातून अचानक लोंढा आला. छावणीत हाहाकार उडाला. त्या गडबडीत बादशहा पडला, त्याचा गुडघा निखळला, आणि तो पुढे कायमचा थोडा लंगडत राहिला. काबूलपासून कर्नाटकापर्यंत ज्याच्या नावाने चौघडे वाजत, त्याला लंगडा केला तो आमच्या बिनपाण्याच्या नदीने! शाळेत असताना ही हकीकत प्रथम ऐकली, तेव्हा नदीविषयी माझ्या मनात जो आदर निर्माण झाला, तो भूगोलाच्या कोणत्याही धड्याने झाला नव्हता.

पण बादशहा फार पुढचा. त्याच्याआधी हजार-बाराशे वर्षे या भागात राज्ये नांदत होती. मानपूरचे राष्ट्रकूट म्हणून एक जुने घराणे इतिहासाला ठाऊक आहे. ते मानपूर म्हणजे साताऱ्याकडचे हे माणच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत होते. पुढे चालुक्य झाले, मालखेडचे राष्ट्रकूट झाले, यादव झाले. शिखर शिंगणापूरचे नाव सिंघण यादवाशी जोडतात. त्या काळच्या ताम्रपटांतून ‘राष्ट्र’, ‘विषय’, ‘ग्राम’ असे शब्द भेटतात. आज ‘राष्ट्र’ म्हटले की आपण सावधान उभे राहतो. तेव्हा ती आजच्या प्रांतासारखी किंवा जिल्ह्यासारखी एक वाटणी होती. आणि ‘विषय’ म्हणजे तिच्यातला एखादा भाग! आमच्या वर्गात ‘विषय सुटला’ म्हणून रडणाऱ्या मुलांना मी सांगतो, बाबांनो, एके काळी विषय सुटणे म्हणजे आख्खा तालुका हातचा जाणे होते. पट्टकील नावाचा गावचा अधिकारी झिजत झिजत पाटील झाला. सत्ता मोठ्या आवाजात येते आणि अशी हळूहळू झिजून शब्दात उरते.

या साऱ्या घडामोडींत गावाच्या शिवेला खरा धक्का कोणी दिला असेल, तर तो राजाने नव्हे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दुर्गादेवीचा दुष्काळ पडला. १३९६ पासून बारा वर्षे तो चालला, असे परंपरा सांगते. गावेच्या गावे ओस पडली. घाटमाथ्याचे किल्ले बंडखोरांच्या आणि लुटारूंच्या हाती गेले. शेवटी १४२९ साली बहामनी सुलतानाने मलिक-उत्-तुज्जार याला या मुलखाची घडी बसवायला पाठवले. त्याची पहिली मोहीम खटाव देशात आणि महादेवाच्या डोंगरातल्या लुटारूंवर, म्हणजे आमच्या अगदी उशापायथ्याशी झाली. गावे पुन्हा वसवण्याचे काम दादू नरसू काळे नावाच्या अनुभवी ब्राह्मणाकडे आणि दरबारच्या एका तुर्की खोजाकडे सोपवले गेले. त्यांच्यापुढे अडचण अशी, की गावांच्या जुन्या शिवा सांगायला माणूसच शिल्लक नव्हते. तेव्हा त्यांनी शिवा वाढवल्या, दोन-दोन तीन-तीन गावे मिळून एक केले, आणि जो कसायला तयार होईल त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा माफ. दुसऱ्या वर्षी बिघ्याला एक तोबराभर धान्य. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी.

ही तोबऱ्याची गोष्ट मला कोणत्याही लढाईपेक्षा मोठी वाटते. जिथे शीव सांगायला माणूस उरले नाही, तिथे राज्य पुन्हा सुरू झाले ते घोड्याच्या पिशवीभर ज्वारीपासून. आणि तेव्हापासून आमच्या मुलखाच्या कारभारात एक गोष्ट चालत आली आहे. सिंहासनावर बसणारे बदलत राहतात; आमच्याकडे नवे काही घडते ते दुष्काळाच्या हातून. माझ्या हिशेबी माणदेशाचा खरा मामलेदार दुष्काळ आहे. त्याची बदली कधी झाली नाही.

बहामनी राज्य मोडले आणि आम्ही विजापूरच्या आदिलशाहीत गेलो. परगणा आला, कर्यात आली, कसबा आणि मौजे आले. परगण्यावर देशमुख आणि देशपांडे, गावात पाटील आणि कुलकर्णी. म्हसवडची देशमुखी मान्यांची. त्या घराण्याला आजही लोक राजेमाने म्हणून ओळखतात. याच घराण्यातल्या नागोजी मान्याने १६९७ साली संताजी घोरपड्यांना मारले, हे शाळेच्या पुस्तकातून महाराष्ट्रभर पसरले आहे. मी कॉलेजात शिकायला गेलो तेव्हा वसतिगृहातल्या एका मुलाने माझे गाव विचारले आणि उत्तर ऐकून म्हणाला, “म्हणजे संताजीला मारलेल्यांचे गाव!” तीनशे वर्षांपूर्वीच्या खुनाचा पंचनामा त्याने माझ्या ट्रंकेवर बसून केला.

त्याला काय सांगणार? संताजीने नागोजीच्या मेहुण्याला, अमृतराव निंबाळकराला हत्तीच्या पायी दिले होते, असे इतिहासकार सांगतात. म्हणजे त्यात सूड होताच. पण त्या काळच्या माणसांची सारी ये-जा समजून घ्यायची तर ‘वतन’ हा शब्द समजून घ्यावा लागतो. विजापूर, मोगल, मराठे; माने यांनी साऱ्यांची चाकरी केली, आणि त्या काळात असे करणारे ते एकटे नव्हते. राजा आज आहे, उद्या नाही. वतन मात्र नातवाला पोचवायचे असते. आपण ‘निष्ठा’ म्हणून जो शब्द वापरतो, तो तेव्हा जमिनीला चिकटलेला होता. शिवाजीमहाराज वतनांविषयी कडक राहिले, ते हे दुखणे ओळखून.

ही वतने गेली केव्हा? मोगल गेले, पेशवे गेले, इंग्रज गेले, तोपर्यंत ती गेली नाहीत. परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, १९५१ पासून बंद झाली. पाटीलकी १ जानेवारी १९६३ ला संपली. कागदावरून संपली, असे म्हणणे बरे. दिवाळीच्या पाडव्यापासून आमच्याकडे सिद्धनाथ आणि जोगेश्वरीच्या लग्नाचे दिवस सुरू होतात, आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला नवरानवरी रथात बसून गावाला प्रदक्षिणा घालतात. त्या दिवशी कोणी कुठे उभे राहायचे, मान कोणाचा, हे कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नाही. आणि तरी ते सर्वांना पाठ असते. राजेमान्यांचे तिथे स्थान आहे. आदिलशाहीतला परगणा पाहायचा असेल तर विजापूरला जाण्याचे कारण नाही. म्हसवडच्या रथाला या.

आता ‘तालुका’ आणि ‘जिल्हा’. १८१८ साली पेशवाई बुडाली. इंग्रजांनी प्रतापसिंहमहाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि शेजारी कॅप्टन ग्रँट डफला ठेवले. १८३९ साली महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवले; १८४८ साली त्यांचे बंधू औरस पुत्राविना वारले आणि राज्य खालसा झाले. इंग्रजी अमदानीत सातारा जिल्ह्याचे तालुके पक्के झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते अकरा होते. आजही अकराच आहेत! कोणाला वाटेल, केवढी ही स्थिरता. पण ते अकरा आणि हे अकरा वेगळे. वाळवे, तासगाव आणि खानापूर गेले. फलटण, खंडाळा आणि महाबळेश्वर आले. एकत्र कुटुंबात तीन मुली सासरी जाव्यात आणि तीन सुना घरात याव्यात, आणि पंगतीला पाने तेवढीच राहावीत, तसा हा प्रकार आहे.

माझ्या आजीच्या आयुष्यात या वाटण्या अशा काही गुंतल्या होत्या, की तिचे चरित्र लिहायचे तर राज्यशास्त्राचे पुस्तक जवळ घेऊन बसावे लागेल. तिचे माहेर आटपाडी महालातले. हा महाल औंध संस्थानचा. औंध म्हणजे बहात्तर गावांचे संस्थान, आणि तेही सलग नव्हे. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, गुणदाळ तर पार विजापूरकडे. आजी लग्न होऊन आली तेव्हा लोक म्हणत, ‘पोरगी संस्थानातून खालसात दिली.’ अंतर बैलगाडीचे एका दिवसाचेही नव्हते, पण कागदोपत्री ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आली होती.

तिच्या माहेरच्या राज्याने एक मोठी गोष्ट केली होती. भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने जानेवारी १९३९ मध्ये संस्थानात स्वराज्याची घटना अमलात आणली आणि आपला अधिकार प्रजेच्या हाती दिला. खाली ग्रामपंचायत, तिच्यावर तालुक्याची सभा, तिच्यावर संस्थानची विधिसभा. देशाला स्वराज्य मिळायला आठ वर्षे अवकाश होता, तेव्हा आमच्या शेजारच्या कोरडवाहू खेड्यांत माणसे आपला पंच निवडत होती. गांधीजींचा आग्रह असा, की मत द्यायचे तर अक्षरओळख हवी. आजीचे वडील पन्नाशीत पाटी-पेन्सिल घेऊन बसले होते. आजी सांगे, “बाबा मेंढरं वाड्यात घालायचं न् चिमणीपुढं ‘ग’ गिरवत बसायचं. गणपतीतला न्हवं, गावातला.” अर्थात शिकायचे बाबांनीच. आजीच्या हाती कोणी पाटी दिली नाही.

मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झाले. १ ऑगस्ट १९४९ रोजी साताऱ्याचे दोन जिल्हे झाले. आजीचे सासर उत्तर साताऱ्यात आणि माहेर दक्षिण साताऱ्यात गेले. १ मे १९६० ला दोन्ही महाराष्ट्रात आली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. आमचा ‘उत्तर’ही गळाला आणि आम्ही नुसते सातारा झालो. या सगळ्या काळात आजी सासर-माहेराच्या त्या एकाच वाटेने, डोक्यावर तेच गाठोडे घेऊन ये-जा करीत होती. मी लहानपणी तिला हे सारे नकाशावर दाखवले. तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “मी हाय तितंच हाय रं. ह्ये सरकारच गावं बदलत फिरतंय.” या विषयावरची पुष्कळ पुस्तके मी पुढे वाचली. याहून नेमके वाक्य मला सापडलेले नाही.

आजीच्या वाटेवर एक तलाव लागे. १८७६-७७ सालच्या भीषण दुष्काळात लोकांना काम देण्यासाठी सरकारने माण नदीवर तो बांधायला घेतला. हजारो माणसांनी पोटासाठी माती वाहिली. सरकारी कागदांत त्याचे नाव म्हसवड तलाव; लोक त्याला राजेवाडीचा तलाव म्हणतात. का, ते पाहण्यासारखे आहे. त्यात साठणारे पाणी येते माण तालुक्यातून. बुडालेली जमीनही बरीचशी माणातली, म्हणजे सातारा जिल्ह्यातली. भिंत उभी आहे राजेवाडीला, म्हणजे सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात. आणि कालव्याने भिजणारी पुष्कळ शेते आहेत सांगोल्याच्या बाजूला, सोलापूर जिल्ह्यात. एका तळ्याला तीन जिल्हाधिकारी! तळे भरले की तिन्ही जिल्ह्यांतून त्याच्या पूजेला पुढारी येतात. तळे आटले की ते कोणत्याच जिल्ह्याचे नसते.

इथे मला या साऱ्या इतिहासाची मेख दिसते. हजार वर्षे इथे रेघा मारल्या गेल्या. सारा वसूल करण्यासाठी मारल्या, फौजा पोसण्यासाठी मारल्या, संस्थानिकांना खूष ठेवण्यासाठी मारल्या, पुढे कारभाराच्या आणि मतदानाच्या सोयीसाठी मारल्या. पाण्यासाठी मात्र कोणी रेघ मारली नाही. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर १७९० साली जुने प्रांत मोडून नवे जिल्हे केले, तेव्हा त्यांतल्या पुष्कळांना नद्यांची नावे दिली. आमच्या तालुक्याचे नावही नदीचेच आहे. पण तिच्या खोऱ्याचे तुकडे तीन जिल्ह्यांत पडले, आणि आम्हांला जोडून दिले कोणाशी? महाबळेश्वराशी! तिथे वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. आमच्याकडे वीस इंच पडला तर आम्ही साखर वाटतो. जिल्ह्याची सरासरी काढणारा कारकून दोघांची बेरीज करून भागाकार करतो आणि दोघांनाही सुखी करून टाकतो. महाबळेश्वरचा पाऊस असा आकड्यांतून आमच्या शेतावर पडत असतो. पीक मात्र त्यावर येत नाही.

मग आणेवारी येते. पीक रुपयात किती आणे आले, याचा अंदाज म्हणजे आणेवारी. १९५७ साली दशमान नाणी आली, आणे गेले, कागदावर ‘पैसेवारी’ झाली. पण आमच्याकडे अजून आणेवारीच लागते. पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळ, वर गेली तर सुकाळ. लहानपणी वडीलधारी मंडळी पारावर ‘यंदा आणेवारी कमी लागू दे’ म्हणून देवाला साकडे घालत, तेव्हा मला नवल वाटे. आपले पीक बुडाले असे सरकारने म्हणावे, यासाठी नवस! पुढे कळले की पीक बुडालेलेच असे. प्रश्न फक्त ते बुडाले हे कागदावर येण्याचा असे.

१९७२ साली तेही करावे लागले नाही. पाऊस आलाच नाही. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला देशात पिनकोड सुरू झाला. त्या पद्धतीचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे कवी. आमच्या पत्त्याला सहा आकड्यांचे शेपूट लागले ते ऐन दुष्काळात. पत्ता बिनचूक झाला आणि पत्त्यावरची माणसे घर सोडून निघाली. कोणी मुंबईच्या गोदीत, कोणी गिरणीत, कोणी ऊसतोडीला. जी मागे राहिली ती खडी फोडायला गेली. माझी आई नवी नवरी होती. हजेरीपटावर तिचे नाव चढले तेच तिचे कोणत्याही सरकारी कागदावर आलेले पहिले नाव. जन्माची नोंद नव्हती, लग्नाची नव्हती. सरकारला ती पहिल्यांदा भेटली ती घमेले घेऊन. त्या दुष्काळातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. महाराष्ट्राने तो १९७७ साली केला, आणि देशाने त्याचा कित्ता २००५ साली गिरवला. पुन्हा तेच, दुष्काळ आला आणि नवे घडले. आम्हांला एक नवे विशेषणही मिळाले, ‘अवर्षणप्रवण’. इतका सुंदर समास इतक्या कोरड्या गोष्टीसाठी क्वचितच वापरला गेला असेल.

विशेषणांवरून आठवले. शिवाजीमहाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्याच वाटेने १९६२ साली महाराष्ट्र शासनाचा पदनामकोश निघाला. अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटले. थट्टा पुष्कळ झाली. पण त्यातले कितीतरी शब्द आज आपण बिनतक्रार वापरतो. तरीही आमच्या पारावर जिल्हाधिकारी अद्याप आलेले नाहीत. तिथे ‘कलेक्टर’च येतात. ‘प्रांत’ तर गमतीचाच शब्द. पूर्वी तो मुलूख होता. आता तो जीपमधून उतरणारा साहेब आहे. आणि ‘छावणी’! औरंगजेबाची छावणी आमच्या नदीकाठी पडली होती. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला छावणी पडली ती जनावरांची. कित्येक महिने हजारो गाई-बैल, आणि त्यांच्या दाव्याशी माणसे, तिथे उघड्यावर राहिली. तीनशे वर्षांत शब्द तोच राहिला. आत राहणारे बदलले. मला विचाराल तर शब्दाचे पुण्य वाढले.

त्या छावणीमागे जी माणसे होती, त्यांत म्हसवडच्या बायका होत्या. १९९७ साली त्यांनी चेतना सिन्हा यांच्याबरोबर माणदेशी महिला सहकारी बँक काढली. परवान्यासाठीचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता. कारण प्रवर्तक म्हणून पुढे आलेल्या बायकांपैकी अनेकींचे अंगठे होते, सह्या नव्हत्या. त्या परत आल्या, अक्षरे गिरवायला बसल्या, आणि परवाना घेऊनच थांबल्या. औंधच्या घटनेत पंजोबांना मतासाठी ‘ग’ गिरवावा लागला होता. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी त्यांच्या लेकीसुनांच्या वयाच्या बायका बँकेसाठी तोच ‘ग’ गिरवत होत्या. माणदेशात अक्षर असे उशिरा येते. पण येताना काहीतरी काम घेऊन येते.

एवढे झाले तरी रेघा पुसल्या गेल्या असे मात्र नव्हे. काही वर्षांपूर्वी आटपाडीकडच्या एका खेड्यातली एक विद्यार्थिनी माझ्या वर्गात होती. वसतिगृहाच्या सवलतीसाठी तिने एका कचेरीत अर्ज केला. तो परत आला. वर तांबड्या शाईत शेरा, ‘जिल्ह्याबाहेरील’. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “सर, आमचा बाजार म्हसवडचा, देव म्हसवडचा, दवाखाना म्हसवडचा. दुष्काळसुद्धा एकच. मग आम्ही बाहेरचे कसे?” मी तिच्याबरोबर त्या कचेरीत दोनदा गेलो. कारकून सज्जन होता. त्याने आम्हांला चहा पाजला, नियम दाखवला आणि नाइलाज सांगितला. नियमात त्याचे काही चुकत नव्हते, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले. ती मुलगी शेवटी दोघी मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिली आणि सुट्टीच्या दिवशी दुकानात हिशेब लिहून भाडे भागवू लागली.

ती आता तलाठी आहे. चुकलो, २०२४ साली सरकारने तलाठ्यांचे नाव ‘ग्राम महसूल अधिकारी’ केले, तेव्हा तेच म्हणायला हवे. मध्यंतरी भेटली तेव्हा मी तिचे नव्या नावाबद्दल अभिनंदन केले. ती हसली. “कशाचं नाव, सर! गावातल्या म्हाताऱ्या माणसांना मी अजून ‘भाऊसाहेब’च आहे. तलाठी म्हणजे भाऊसाहेब. मग बाई असो की बुवा!” मग जरा थांबून म्हणाली, “पण एक केलंय. पीकपाहणीला गेले की पहिल्यांदा विहिरी बघते. पीक नंतर.”

मला ते फार आवडले. दादू नरसूने ओसाड शिवारात उभे राहून तोबऱ्याचा हिशेब केला, त्याच्याच गादीवर आज एक माणदेशी मुलगी बसली आहे. आणि तिची नजर आधी पाण्याकडे जाते. अलीकडे उरमोडी आणि जिहे-कठापूर योजनांतून पश्चिमेचे पाणी डोंगर चढून माणात उतरू लागले आहे. टेंभूचे आटपाडीकडे गेले आहे. ते कोणत्या गावाला, किती आणि केव्हा, यावर पारावर रोज भांडणे होतात. होऊ देत. इतकी शतके आमच्याकडे भांडणे झाली ती वतनासाठी आणि शिवेसाठी. पाणी वाटून घेण्यासाठी भांडायचे तर आधी वाटण्याजोगे पाणी असावे लागते. ते भाग्य आमच्या पिढीला थोडेसे का होईना लाभले आहे.

पत्ता आणखीही बदलेल. जिल्हे मोडतील, नवे होतील, कोणी नवा पदनामकोश काढील. माझी त्याला हरकत नाही. चार शब्द पाहुण्यांचे आहेत, तिथे पाचवा आला तर त्यालाही पाट मांडू. फक्त ‘तालुका माण’ एवढे कोणी बदलू नये. त्या पत्त्यात तेवढे एक नाव पाण्याचे आहे. आजवर ते नुसते लिहिण्यापुरते होते.